लिंबाच्या पानांचा वास

पुण्याहून कडावला घरी येताना माझ्या लेकाने, किशोरने, चौकला गाडी आत वळवली. त्याच्या बाबांचा डाकबंगला एकदा बघावा, असं माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. हे रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. दर बुधवारी कामावर देखरेखीला जात आणि रात्री इथेच राहत.

इंग्रजांच्या वेळचा बंगला. कौलं, भोवती रुंद व्हरांडा, काळ्या दगडाच्या पायऱ्या. सरकारने हल्लीच रंग देऊन 'वारसा वास्तू' अशी पाटी लावली आहे. किशोर फोटो काढत राहिला. मला मात्र मागचं कागदी लिंबाचं झाड बघायचं होतं. गुरुवारी हे घरी येत तेव्हा यांच्या हातांना लिंबाच्या पानांचा वास असायचा. "डांबराचा वास जात नाही गं, म्हणून पानं चोळतो," म्हणायचे. त्या वासासाठी मी ओटीवर मुद्दाम रेंगाळायचे.

झाड होतं. एक पान तोडून मी तळहातावर चुरडलं.

"कोन हाय गं बाय?" मागच्या खोलीतून एक वाकलेला म्हातारा आला. हा गोमा, इथला जुना खानसामा. किशोरने बाबांचं नाव सांगताच त्याने दोन्ही हात कपाळाला लावले.

"आरं, साहेबांचं घर आलं! आता जेवल्याबिगर जायाचं नाय. चुलीत बोंबील भाजतो."

"नको हो. मी मासे खात नाही."

किशोर तीन वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा आम्ही दोघं कडावच्या गणपतीला नवस बोललो. पोर वाचलं तर जन्मात मासळी तोंडात घालणार नाही. पोर वाचलं. माझं माहेर खाडीकाठचं, मासळीशिवाय घास उतरायचा नाही. पण घरात सगळ्यांना कालवण वाढायचं आणि आम्ही दोघांनी शेजारी बसून आमटीभात खायचा. "बसले बघा टाळकरी!" सासूबाई चिडवायच्या. आम्ही हसायचो. संसारात ते एक आमचं दोघांचंच होतं. हे गेल्यावरही मी ते एकटीने पाळलं.

"तुमी खात नाय?" गोमा खो खो हसला. "आनि साहेब! बुधवार आला का पायरीवरूनच वरडायचे, गोम्या, बोंबील टाक रं!"

"दुसरे कोणी साहेब असतील."

"दुसरं कशाला? खाऊन झालं का ह्या झाडाची पानं घसाघसा हाताला चोळायचे. सदरा रातभर वाऱ्यावर टांगायचा. म्हनायचे, गोम्या, घरच्या बायचं नाक लई तिखट."

किशोर मोठ्याने हसला. मग माझ्याकडे बघून त्याने गाडीची किल्ली काढली.

गोमाला काहीच कळलं नव्हतं. त्याने प्रेमाने झाडाखालचं एक रोप मुळासकट उपटलं, मातीसकट पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "साहेबांची आठवन. अंगनात लावा."

मी ते पायरीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

"आई, रोप राहिलं."

"राहू दे."

किशोरने गाडी हमरस्त्याला काढली. मग म्हणाला, "अगं, एवढ्याशा बोंबलाचं काय घेऊन बसलीस? मी वाचलो ना?"

"तू तापाने फणफणत होतास, तेव्हा ते एवढंसं नव्हतं."

मी काच खाली केली, हात बाहेर धरला. वास जाईना. आयुष्यभर ज्या वासासाठी ओटीवर थांबले, तोच माझ्या तळहातावर बसला होता.

"किशोर, एखाद्या ढाब्यावर थांब."

"भूक लागली?"

"नाही. हात धुवायचेत. साबणाने."