खोडलेली मतं

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरी पट्टी चिकटवलेली असते. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर आपलं मत लिहायचं; पेन्सिलीनं, नाव न घालता. हा नियम माझाच. दुसरा नियमही माझाच आणि तो दारावर ठळक अक्षरांत लावलाय: पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नये. दहा पानं चाळून नाकं मुरडणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. एकवीस वर्षं ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून मी अशा लोकांची हजेरी घेत आलेय.

त्यामुळे पुढचं सांगताना लाज वाटते, पण सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीनं कादंबरी लिहिली. ताई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. आत ड्रिल घरघरत असताना बाहेर तिनं जुन्या नोंदवह्यांच्या मागच्या पानांवर प्रेमाचे प्रसंग लिहिले. ‘बंदरावरचे सहा आठवडे’ हे त्या कादंबरीचं नाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठी आलेली एक मुलगी, तिथला घड्याळं दुरुस्त करणारा तरुण, भरपूर आइस्क्रीम, थोडे गैरसमज आणि शेवटी सगळं गोड. पुस्तक टोपणनावानं छापलं गेलं. ताईनं फक्त मला सांगितलं. भावोजींनाही नाही.

भावोजींचं घड्याळांचं दुकान वाचनालयाच्या बरोबर समोर आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. माणूस लाख मोलाचा, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्याइतकं अवघड. ‘‘यांना काय सांगायचं? ‘हं’ म्हणतील,’’ ताई म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

पुस्तक आमच्याकडे आलं तेव्हा ताई म्हणाली, ‘‘वाचणाऱ्यांना आवडलं तरच दुसरं पुरं करीन. नाहीतर आपलं दवाखान्याचं रजिस्टर बरं.’’ त्या दिवसापासून दर शनिवारी ती यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि हळूच ती पट्टी बघायची.

पहिलं मत छान होतं. दुसरं वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली: ‘चाळीस पानांत नायिकेनं सात वेळा आइस्क्रीम खाल्लं. हिचा घसा बसत नाही का?’ शनिवार जवळ आला होता. मी खोडरबर घेतलं आणि ती ओळ पुसून टाकली. एकदा हात सरावला की सरावला. पुढच्या दोन महिन्यांत मी आणखी चार मतं पुसली. शेवटी शेवटी तर पहिले चार शब्द वाचायचे, वाकडा सूर लागला की बाकीचं न वाचताच खोडायचे. आणि वर कमाल म्हणजे, पट्टीवरचं सगळ्यात गोड मत मी स्वतः लिहिलं होतं.

मागच्या शनिवारी ताई आली ती कापडी पिशवी घेऊन. पिशवीत नोंदवह्या होत्या.

‘‘ही दुसरी कादंबरी. तुझ्या रद्दीच्या खोक्यात टाक.’’

‘‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सगळ्यांनी एवढं कौतुक केलंय!’’

‘‘तेच तर. आपल्या शिंप्याला जन्मात कुठलं पुस्तक आवडलंय का? त्यानंही नेलं होतं, मला माहितीय. इथं एकसुद्धा कुरकुर नाही. म्हणजे तू सगळ्यांना सांगितलंस. बिचारे लाजेखातर लिहून गेले. कुणी वाचलेलंच नाही गं.’’

ती अगदी शांतपणे बोलत होती. ताई रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी टेबलाचा खण उघडला आणि खोडरबर तिच्यापुढं ठेवलं.

‘‘मी पुसली,’’ म्हटलं. ‘‘पाच मतं. वाईट होती म्हणून.’’

आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. ताई म्हणाली, ‘‘म्हणजे शिंप्यानं वाचलं?’’

‘‘आइस्क्रीम मोजण्याइतकं वाचलं.’’

ती एकदम खुदकन हसली. मग तिनं पट्टीवर मोकळ्या सुटलेल्या जागांवरून बोट फिरवलं. ‘‘अगं, खाचा आहेत. लोकांनी जोर देऊन लिहिलंय.’’

मी मऊ पेन्सिल आडवी धरून त्या जागांवर हलकेच घासली. काळ्या छटेतून पांढरी अक्षरं वर यायला लागली. आइस्क्रीमवालं मत आलं. त्याखाली: ‘शेवट पहिल्याच पानावर कळला. तरी दोनदा वाचलं, कशाला ते माहीत नाही.’ मग: ‘बसमध्ये वाचत होते, उतरायचं राहिलं. तक्रार नोंदवून घ्यावी.’ मग: ‘एवढं गोड सोसत नाही, पण आईनं हिसकावून नेलं.’ ताई प्रत्येक मत मोठ्यानं वाचत होती आणि डोळे पुसत हसत होती. यांत वाईट काय होतं, मला आता सांगता येईना. आइस्क्रीमवालं सोडलं तर मी यांतलं एकही धड पुरं वाचलं नव्हतं.

शेवटचं अक्षर बारीक होतं, मुंगीएवढं. त्याची पहिली ओळ मला आठवत होती: ‘यातला घड्याळवाला साफ खोटा आहे.’ तेवढी वाचूनच मी खोडलं होतं. पेन्सिल पुढं सरकली तशी ताईचं हसू थांबलं.

‘‘हे यांचं अक्षर आहे,’’ ती म्हणाली.

तिनं ते मोठ्यानं वाचलं नाही. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

‘यातला घड्याळवाला साफ खोटा आहे. खरा इतकं बोलत नाही. त्याला जमत नाही. पान ९४ वर तो भिंग काढून तिच्याकडे बघतो. मी तेवीस वर्षांत तसं केलेलं नाही, ते वाचताना लक्षात आलं. घरातल्या नोंदवह्यांत हेच लिहिलेलं मी पाहिलंय. दुसरी कादंबरी येणार असेल तर मला आधी वाचायला द्यावी.’

पाच आठवडे ती ओळ पुसलेली पडून होती. पाच शनिवार ताई ती पट्टी बघून गेली होती आणि समोरच्या दुकानात तो माणूस उत्तराची वाट बघत, मान खाली घालून बसला होता.

‘‘ताई, मी फार मोठी चूक केली गं.’’

‘‘केलीस,’’ ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रद्दीच्या खोक्याजवळची पिशवी उचलली. ‘‘तुझं ते गोड मत खोड आधी, अक्षर ओळखते मी. मी येईपर्यंत खरं लिहून ठेव.’’

ती रस्ता ओलांडून गेली. खिडकीतून मला दुकान दिसत होतं. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. भावोजींनी मान वर केली, पिशवीकडे बघितलं आणि डोळ्यावरचं भिंग काढून बाजूला ठेवलं. मग आतून दुसरं स्टूल आणलं.

मी माझं मत पुसलं. त्या जागी लिहिलं: ‘मधले गैरसमज लांबलेत. आइस्क्रीम जास्त झालंय. घड्याळवाला खरा आहे.’ मग खोडरबर केराच्या टोपलीत टाकलं.