पार्सलमास्तरांची गाठ

सगळी गल्ली त्यांना पार्सलमास्तर म्हणायची. माल पाठवण्याच्या कचेरीत खोकी बांधण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही हात काही स्वस्थ बसेनात. छत्रीला दोरी, चष्म्याला दोरी, झाडूलासुद्धा दोरी. एक दिवस मलाही बांधून ठेवाल, असं म्हणून बायको सुतळीचं बंडल लपवायची, आणि मास्तर ते बरोबर हुडकून काढायचे.

त्यांची सून नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन बघायचं काम दवाखान्याने तिला देऊ केलं होतं. अट एकच, स्वतःची गाडी हवी. नवरा परगावी नोकरीला. त्याची जुनी मोटारसायकल जिन्याखाली धूळ खात होती. मास्तरांनी मोठ्या हौसेने ती पुसून लख्ख केली, चाकांत हवा भरून आणली आणि चावी सुनेच्या हातावर ठेवली.

लग्नाआधी सून वडिलांची गाडी चालवायची, त्यामुळे शिकायचा प्रश्न नव्हता. पण ही गाडी तिला जुमानेना. सरळ रस्त्यावर अगदी गरीब गाय. कोपऱ्यावर डावीकडे वळायला जावं, की इंजिन आपोआप रेस व्हायचं आणि गाडी उधळायची. एकदा ती न्हाव्याच्या बाकड्यावर जाऊन आदळली, एकदा गटाराच्या काठावर कशीबशी थांबली.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडी डबल स्टँडला लावली, कार्बोरेटर साफ केला, उभ्या गाडीची रेस कमी केली, मूठ पिळून पाहिली आणि गाडी ठणठणीत असल्याचा निकाल दिला. ताईंनी रेस जरा हलक्या हाताने द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी आपोआपच रेस होते, असं सून परत सांगायला लागली, तेव्हा न्हाव्याच्या दुकानासमोर, चार माणसांदेखत मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

लोक हसले. सून हसली नाही.

त्यानंतर तिने चावीला हात लावला नाही. रात्री जेवताना ती सासूला म्हणाली, "आई, उद्या दवाखान्यात नाही म्हणून सांगते. माझा हातच भित्रा झालाय. साधी गाडी सांभाळता येत नाही, त्या हाताने लोकांना सुई कशी टोचू?"

मास्तर अर्ध्या ताटावरून उठले. माणसाने जीभ पण बांधून ठेवावी, तिथे मात्र यांना दोरी सापडली नव्हती.

सकाळी उठल्याबरोबर ते गाडीपाशी गेले. चालू केली. संथ चालत होती. दिव्याच्या मागच्या बाजूला लागलेलं जाळं पुसावं म्हणून त्यांनी डाव्या हाताने हँडल डावीकडे ढकललं, आणि इंजिन एकदम किंचाळलं. मास्तर दचकून मागे सरले. उजव्या मुठीला कुणाचा हातही नव्हता! हँडल सरळ केलं, आवाज बसला. पुन्हा वळवलं, पुन्हा तेच.

वाकून त्यांनी टाकीखाली पाहिलं. रेसची केबल चौकटीला काळ्या दोरीने घट्ट आवळलेली होती. गाठ ओळखीची होती. गाडी पुसताना ती केबल सैल लोंबताना दिसली होती, सुनेची ओढणी अडकेल म्हणून त्यांनीच बांधली होती. आता हँडल वळलं की केबलला जागा उरत नव्हती आणि ती ओढली जाऊन रेस वाढत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

कात्री खिशात होतीच. एक दोरी तोडली की झालं. कुणाला पत्ताही लागला नसता. सून चालवायला लागली असती, गल्ली म्हणाली असती, शिकली बरं का. पण तीही तेच म्हणाली असती. आपला हात भित्रा होता, हे तिच्या मनात जन्मभर राहिलं असतं. मास्तरांनी कात्री परत खिशात घातली.

त्यांनी बायकोला हाक मारली, सुनेला बोलावलं. मेकॅनिक आणि न्हावी यांनाही निरोप गेला, की हसायला होतात, तसे आता बघायलाही या. सगळे जमल्यावर मास्तरांनी गाडी चालू केली.

"दोन्ही हात मागे घे," ते सुनेला म्हणाले. मग त्यांनी पुढच्या दिव्याला धरून हँडल डावीकडे वळवलं. इंजिन किंचाळलं. मूठ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोकळी होती.

मास्तरांनी गाडी बंद केली आणि टाकीखालची गाठ दाखवली. "अंगण वाकडंच होतं, पोरी," ते म्हणाले. "मीच केलं होतं वाकडं."

त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. तिने दोरी कापली, गाडी चालू करून हँडल वळवलं. आवाज जागचा हलला नाही. गाठ इतकी सुबक होती की कंपनीनेच बांधली असेल असं वाटलं, असं मेकॅनिक पुटपुटला. सासूने पदराने डोळे पुसले.

दवाखान्यात जायची वेळ झाली होती. सुनेने औषधांची बॅग मागच्या सीटवर ठेवली. मास्तर दोन्ही हात पाठीमागे धरून लांब उभे होते. आता कशाला म्हणून हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बॅग बांधून द्या ना. वाटेत पडेल."

त्यांना पहिल्यांदा गाठ जमली नाही. ती थांबून राहिली. दुसऱ्यांदा जमली. मग ती निघाली, कोपऱ्यावर डावीकडे वळून दिसेनाशी झाली, आणि मास्तर गाडीचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत तिथेच उभे राहिले.