नंबर नसलेला माड

चौलला नीरामावशींच्या वाडीत शिरलं की मला हटकून पेंग येते. पोफळींमधून ऊन हिरवं होऊन उतरतं, पाटाचं पाणी कुजबुजत असतं आणि आपण कामाला आलोय याचा विसर पडतो. मी आर्किटेक्ट आहे. पेंगत काम केलं की काय होतं, तेच सांगते.

वादळात बालवाडीचं छप्पर उडालं, तेव्हापासून गावातली तेवीस पोरं देवळाच्या सभामंडपात बसत होती. नीरामावशींनी वाडीतली दोन गुंठे जागा ग्रामपंचायतीला द्यायचं कबूल केलं. उद्या अलिबागला बक्षीसपत्राची नोंदणी होती. त्यांनी सही केली तर बालवाडी, नाहीतर पुन्हा सभामंडप.

इमारत मात्र आधीच उभी होती, माझ्या लॅपटॉपमध्ये. मुंबईत बसून इंजिनीयर श्रेयस त्याच मॉडेलमध्ये खांब सरकवायचा आणि इथून मी भिंती. गवंडी बुधाजी शेजारी बसून सांगायचे, "दर्यावरचा वारा हितून येतो, खिडकी हिकडं घ्या." मी खिडकी हलवली की पडद्यावर लाल दिसणारी तापलेली खोली हळूहळू निळी व्हायची. चिऱ्याच्या भिंती, जुनी कौलं, पंख्याशिवाय गारवा. जेवतानाही मी ते मॉडेल मिटत नसे. आपला तो बाब्या!

झाडंही त्यात होती. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याच्या सोयीसाठी मावशींच्या माडांवर चुन्याने नंबर घातलेले होते, एक ते बेचाळीस. मी तेवढेच उतरवून घेतले. जागेच्या मधोमध एक बारकुळा, बिननंबरी माड होता. तो तोडायचाच असणार, असं मी धरून चालले. विचारलं नाही. शहाण्या माणसाला विचारायची गरज वाटत नाही, हीच त्याची खोड.

त्या दुपारी मी मावशींच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला. तो घातला की वाडी दिसेनाशी होते आणि आपण उभे असतो तिथेच बालवाडी दिसू लागते.

"आत जायचं तर चपला काढा," बुधाजींनी चिडवलं.

"घर हाय कुठं? चितरात शिरताना कोन चपला काढतं?" म्हणत मावशी तशाच आत शिरल्या.

मी त्यांचं कोपर धरलं होतं. त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. भिंतीला हात लावायला जायच्या आणि हात आरपार जायचा. "अगं बाई, फळा पन हाय!" मग खोलीच्या मधोमध त्या थांबल्या. पुढ्यात हातभर अंतरावर तो माड होता, पण चष्म्यात तो नव्हताच. तरी त्यांनी हात पुढे केला आणि तळवा बरोबर बुंध्यावर टेकला.

"माझी सुचिता कुठं गेली?"

मला वाटलं, चष्म्याने त्यांना गरगरलं. "कोण सुचिता, मावशी?"

"माझी पोर. जल्मली तवा सासऱ्यांनी ह्यो माड लावला. पाच वर्सांची हून गेली ती. माड काय कवा लागला न्हाय. मग गडी चढंल कशाला? म्हनून नंबर न्हाय. पन हाय तर खरा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्याचं ऱ्हाऊ दे," मावशींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि बुंध्याला धरून उभ्या राहिल्या.

मी विहिरीच्या काठावर बसून श्रेयसला फोन लावला आणि माडाचं सांगितलं. त्याने मॉडेल उघडलं. "मधे चौक सोड, मी तुळया फिरवतो," तो म्हणाला. बुधाजी हळूच म्हणाले, "पाया मुळांपासून लांब घ्या." मी भिंती मागे सारल्या आणि माड लावला. पडद्यावर त्याची सावली कौलांवरून फिरू लागली. चौकातून गरम हवा वर निघून गेली आणि खोल्या आधीपेक्षा निळ्या झाल्या. झाडाच्या चौकटीत नंबर घालायचा होता. त्रेचाळीस लिहायला गेले आणि थांबले. सुचिता असं लिहिलं.

"मावशी, आता एकदा बघता?"

ऊन कललं होतं. त्यांनी चष्मा घातला. वाडीतला माड वाऱ्यावर हलत होता आणि चष्म्यातलाही. दोन्हींची सळसळ एकच होती. मावशी दाराशी आल्या. तिथे पाचोळ्याशिवाय काहीच नव्हतं. त्या थांबल्या, वाकून चपला काढल्या, चाचपडत जोडीने बाजूला ठेवल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी आतून विचारलं, "उद्या अलिबागला किती वाजता निघायचं?"