दिवाकरन माषांचं कुलूप

नाकाने टाइप करता येत नाही, हे दिवाकरन माषांना (केरळात मास्तरांना माष म्हणतात) सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं. नाक एका वेळी तीन अक्षरं दाबतं. मग त्यांनी दातांत पेन्सिल धरून पाहिली. पेन्सिलीबरोबर कवळीही बाहेर आली आणि नेमकी एंटरवर पडली. पासवर्ड चुकला आहे, असं संगणकाने नम्रपणे सांगितलं.

माषांचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये होते. परवा ते वाचनालयातल्या शिडीवरून पडले, आणि तेही अध्यात्माच्या फळीपाशी. चाळीस वर्षं गावाला देव नाही म्हणून पटवणारा माणूस तिथे कशाला चढला, यावर समोरच्या चहाच्या दुकानात दोन दिवस खल चालू होता. झुरळ मारायला, हे खरं उत्तर कुणालाच पुरेसं वाटत नव्हतं.

अकरा वाजता तालुक्याची तपासणी समिती यायची होती. तिला चौदा हजार पुस्तकांची यादी दाखवायची, नाहीतर वाचनालयाचा 'अ' दर्जा जाणार आणि तो पलीकडच्या गावाला मिळणार. त्या गावाच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा कॅरमच्या सोंगट्या जास्त होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माषांनी दुसरं काही केलं नव्हतं. चार वर्षं खपून ही यादी तेवढी केली होती, आणि ती त्यांच्या गळ्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये होती.

वाचनालयाच्या संगणकाला माष बसस्टँडवरचा पेला म्हणत. येईल तो त्यात आपली चिप खुपसून लग्नाचे फोटो बघून जाई. अशा भांड्याला माषांनी कधी तोंड लावलं नाही. अख्खं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी सगळी यंत्रणाच, त्यांनी आपल्या पेन ड्राइव्हवर बसवलं होतं. पेन ड्राइव्ह लावायचा, संगणक त्यावरूनच चालू करायचा, काम उरकायचं, बंद करून उपसून न्यायचा. शहाण्या पाहुण्याने आपलं केळीचं पान आपणच आणावं, जेवावं आणि गुंडाळून न्यावं, तसं. मागे शीतसुद्धा राहत नसे. आणि पासवर्डाशिवाय तो पेन ड्राइव्ह म्हणजे नुसता गळ्यातला ताईत. दुसरी प्रत घरी तांदळाच्या डब्यात होती. तिलाही तोच पासवर्ड.

गावासाठी घेतलेल्या वर्गात माषांनी नियम सांगितला होता: पासवर्ड म्हणजे नातीचं नाव नव्हे. अख्खं वाक्य हवं, जे तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही आणि जे तुम्ही जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. माषांच्या सरळ आयुष्यात असं वाक्य एकच होतं.

तो वर्ग पुरा करणारा विद्यार्थीही एकच निघाला. समोरच्या चहाच्या दुकानाचा मालक, पैली. ग्रंथपाल शोभना मुलीच्या बाळंतपणासाठी कोळिकोडला गेलेली. पेपर वाचत बसलेल्या वर्कीला सांगावं, तर त्यापेक्षा चर्चच्या भोंग्यावर सांगितलेलं बरं. म्हणजे पैलीच. आणि ते वाक्य पैलीबद्दलच होतं.

साडेनऊला पैली लुंगीला हात पुसत येऊन बसला. वाक्य मल्याळम, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. माषांनी ते एकेक अक्षर करून, तार वाचावी तशा सपाट आवाजात सांगितलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते. पैली अक्षरं जोडत बसणार नाही, एवढ्या एका आशेवर माष उभे होते. शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना अक्षरं जोडायलाच शिकवलं होतं, हे त्यांना उशिरा आठवलं.

पहिल्या खेपेला पैलीच्या जाड बोटाने एक ठिपका जास्त दिला. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला बोटापाठोपाठ पैलीचे ओठही हलू लागले. आधी त्याला स्वतःचं नाव सापडलं. मग दूध सापडलं. मग उंट. बोट थांबलं.

'पैली दूध बघायला गेला तेव्हा मी उंट सरकवला ८७.'

ओणमच्या बुद्धिबळाचा तो अंतिम सामना होता. चषक तेव्हापासून माषांच्या घरी होता आणि पैलीला मिळालेली प्लास्टिकची साबणदाणी पैलीच्या घरी. इतकी वर्षं पैली येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आला होता, की जिंकलेला डाव आपण हरलो कसा हे आपल्याला आजवर उमगलेलं नाही. लोकांनी त्यावर उधारीवर चहा प्यायला होता.

पैली उठला आणि बाहेर गेला.

माष प्लास्टरकडे बघत उभे राहिले. चौदा हजार पुस्तकं गेली, पैलीही गेला. यातलं जास्त काय लागलं हे त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर एवढ्या चटकन आलं की त्यांना पुस्तकांसमोर लाज वाटली.

दोन मिनिटांनी पैली परत आला.

"गॅस बंद करून आलो," तो बसत म्हणाला. "आता उठायचं नाही."

तिसऱ्या खेपेला माषांना सांगावं लागलं नाही. पैलीने एकट्याने, एका बोटाने, अख्खं वाक्य ठोकलं. चुकलं.

"शेवटी काय टाकलंस?" माषांनी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"सत्त्याऐंशी आहे, पैली."

"सत्त्याऐंशीत माझं दुकान कुठे होतं? दुकान उघडलं अठ्ठ्याऐंशीच्या विषूच्या सणाला. मग दूध कुणाच्या बापाचं उतू चाललं होतं?"

माषांनी हिशोब केला. चार वर्षं ते रोज सकाळी चुकीचं साल टाकून आपला गुन्हा कबूल करत आले होते.

"पासवर्ड खरा असावा लागत नाही," ते हळूच म्हणाले. "बरोबर असावा लागतो."

"लबाडी ती लबाडी, वर तारीखही खोटी," म्हणत पैलीने सत्त्याऐंशी टाकलं. "तुम्हाला पेन्शन कशी मिळाली, माष?"

कुलूप उघडलं. पहिल्या पुस्तकापासून चौदा हजाराव्यापर्यंत यादी पडद्यावर आली. समितीने ती पाऊण तास पाहिली, पैलीकडची केळ्याची भजी खाल्ली आणि दर्जा कायम ठेवला. कॅरमवाल्या गावाचा माणूस बाहेर उभा होता, तो सायकल घेऊन निघून गेला.

समिती गेल्यावर माष घसा खाकरून म्हणाले, की सांगितलेला पासवर्ड तासभरही ठेवायचा नसतो, नियम तो नियम. पैली म्हणाला, "तिकडे तोंड करा." माषांनी भिंतीकडे तोंड केलं. मागे बराच वेळ टकटक चालली. मग नियमाप्रमाणे तेच पुन्हा एकदा.

"वाक्य आहे ना?" माषांनी भिंतीला विचारलं.

"अख्खं आहे. जन्मात कुणाला सांगितलेलं नाही."

"त्याच डावातलं?"

पैली नुसता खुसखुसला.

दीड महिन्याने माषांचं प्लास्टर निघालं. आपल्याच पेन ड्राइव्हचा पासवर्ड त्यांना आजही माहीत नाही, आणि त्यांनी विचारलाही नाही. रोज सकाळी पैली दूध खाली उतरवून रस्ता ओलांडतो. माष पेन ड्राइव्ह लावतात, चष्मा काढून खिशात ठेवतात, बरे झालेले दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. टकटक मध्येच कुठेतरी थांबते, रोज त्याच जागी, पैलीला हसू आवरेपर्यंत.