डोंगरी घड्याळाचा जादा तास

मित्रांनो, मी एक महागडं मनगटी घड्याळ आहे. शिखरं धुंडाळणाऱ्या धाडसी माणसांची याद म्हणून मला घडवलं. तबकडी खडकाच्या रंगाची, पाठीवर हिमशिखर कोरलेलं आणि कडेने चोवीस शहरांची चकती. कुठल्या शहरात किती वाजले, ते मी बसल्या जागी सांगतो. फक्त मला उंचीची भीती वाटते. कारागिराने टेबलाच्या कडेला ठेवलं होतं, तेव्हापासून.

एका अवघड चढाईबद्दल एका मुलीला मी बक्षीस मिळालो. तिने मला वडिलांच्या मनगटावर बांधलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. वडील निवृत्त कंपाउंडर. जिन्यापलीकडे कधी काही चढलेले नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी बाटली पुसल्याशिवाय औषध दिलं नाही. तसेच ते मला दिवसातून चारदा पुसत.

एका दुपारी पुसता पुसता माझं बटण दाबलं गेलं. काटे जागच्या जागी राहिले, पण चकती एक घर सरकली. मुलगी ज्या शहराजवळच्या शिखरावर होती, तिथली वेळ मी तासभर पुढे दाखवू लागलो. मला कळलं, पण टिकटिकीपलीकडे मला भाषा नाही.

"इथले सहा वाजले की तंबूत उतरून फोन करते," असं ती आदल्या दिवशी डोंगरावरून फोनवर म्हणाली होती.

माझ्यात तिकडचे सहा वाजले. सव्वासहा.

"अहो, बसा जरा," तिची आई म्हणाली. "भिंतीवरच्यात बघा."

"भिंतीवरच्याला तिचा डोंगर काय माहीत?"

"तेही खरंच. एवढं महागाचं घड्याळ खोटं कशाला बोलेल?" असं म्हणून तीही मटकन बसली.

साडेसहा. पाठीवरचं हिमशिखर कंपाउंडरांच्या नाडीला टेकलं होतं. ती अशी धावत होती की मी हबकलो. बंद पडावंसं वाटलं, पण मग ते अजूनच घाबरले असते. पावणेसातला त्यांनी मुलीचे जुने बूट दाराशी नीट जोडून ठेवले. का, कुणास ठाऊक.

सातला फोन वाजला.

"बाबा, बघा, ठोक सहाला केला! रडताय काय?"

"कोण रडतंय? सर्दी आहे. औषध घेतलंय."

घड्याळजीने मला उघडून पाहिलं, चकती जागेवर आणली. "काही बिघाड नाही. काका, पुसणं कमी करा."

आता ते फक्त फुंकर मारतात, तीही लांबून. धूळ बसते, चालेल. मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. फक्त बटण कुठे आहे तेवढं आधी बघा.

मुलगी पुन्हा वर गेली आहे. तिकडचे सहा वाजायला तीन मिनिटं आहेत. या वेळी खरी तीन. बूट दाराशी सकाळपासूनच लावून ठेवलेत.