शुक्रवारचा सरडा

आनंदनगर एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. साऱ्या जगाला रविवार आणि आम्हाला शुक्रवार. तुषारचं ऑफिस मुंबईला, त्याला रविवार. म्हणजे नवराबायको दोघं एकत्र घरात बसलोय असा दिवस दिवाळीलाच उजाडायचा. ते एक जाऊ दे. पण ऑनलाइन गेम खेळणारे जे धड, ठरलेले ग्रुप असतात ना, तेसुद्धा सगळे रविवारी खेळतात. शुक्रवारी सकाळी अकराला कोण असणार? कॉलेज बुडवलेली पोरं, साहेबांची पाठ वळली की खिडकी उघडणारे ऑफिसवाले, आणि मी, प्रतिभा, शिरगाव, बदलापूर पूर्व.

गेम तसा समजायला सोपा. पाच जणांनी मिळून एका बुरुजात शिरायचं, एकेक मजला चढायचा आणि गच्चीवर बसलेल्या सात तोंडांच्या सरड्याला मारायचं. एक जण ढाल घेऊन पुढे, तिघं मारणारे आणि एक वैद्य. वैद्य मी. कोणाला लागलं की मी बरं करायचं. कंपनीत पॅकिंग लाइनवर दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरते, घरी येऊन तेच, आणि गेममध्येही हौसेनं तेच काम निवडलं. आता काय बोलायचं! आपला ग्रुप नसला, तर गेमच कुठूनतरी चार डोकी गोळा करून आपल्याला जोडून देतो. तो चार डोकी देतो, डोक्यात काय आहे ते बघत नाही.

अहो, कोणाच्या घरी गेलं तर माणूस चप्पल काढतो, 'आहात का घरात' म्हणतो. हे शिरतात ते थेट तलवार उपसून. ना हाय, ना हॅलो. पहिल्यांदाच आलोय, हे सांगायला काय जीभ झडते? सांगितलं तर मी चार गोष्टी समजावून देईन ना. पण नाही, सगळे आईच्या पोटातूनच शिकून आलेले. मेलेल्या राक्षसाजवळ वैद्याची काठी पडली, की ती उचलणार तलवारवाला. अरे, तुला काय करायचीय काठी? तर म्हणे, 'बेचूंगा.' विक बाबा, विक आणि माडी बांध.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे मध्येच उठून जाणारे. 'मम्मी बुला रही है' एवढं तरी लिहा! तेही नाही. आत्ता होता, आत्ता नाही. बाकीचे चौघं सरड्यासमोर बोंबलत बसलेले. किती शुक्रवार मी गच्चीपर्यंत गेले असेन, आणि दर वेळी कोणीतरी पळालं. त्या सरड्याचं सातवं तोंड मी कधी आडवं झालेलं बघितलंच नव्हतं.

हसू नका. शुक्रवारचे अकरा ते एक, एवढेच दोन तास आठवड्यात माझे होते, आणि तेही भांडून मिळवलेले. दळण, कपडे, स्वयंपाक सगळं उरकून, सासूबाईंची औषधं काढून ठेवून मग मी कंप्युटरपुढे बसायची. सासूबाई त्याला 'तुझं टकटक' म्हणायच्या. त्या दोन तासांत मला फक्त एकदा तो सरडा मेलेला बघायचा होता. बाकी आयुष्याकडून त्या दिवसांत माझं काही फार मागणं नव्हतं.

त्या शुक्रवारी ग्रुप लागला. ढालवाला कोणी डॉन, मारणाऱ्यांत रॉकी आणि किलर, आणि चौथा जनू२. जनू नावाचा आधीच कोणीतरी असणार, म्हणून हा दोन. डॉननं 'हाय' लिहिलं तेव्हाच मला वाटलं, आज काहीतरी चांगलं होणार. रॉकीनं तर सांगितलं, 'मेरे पास एक बजे तक टाइम है.' मला त्याची दृष्टच काढावीशी वाटली. राहता राहिला जनू२.

पहिल्या मजल्यावर तो उलट्या दिशेला पळाला. दुसऱ्यावर झोपलेल्या राक्षसांना जाऊन उठवलं, एक नाही, अख्खी खोली. त्याला जिवंत ठेवता ठेवता माझी बोटं दुखायला लागली. आणि मग वैद्याची काठी पडली, चांगली, मला हवी तशी, आणि ती उचलली जनू२ नं.

माझी सटकलीच. आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायचो, पण राग आला की मला मराठीच येते. मी लिहिलं, 'अरे गाढवा, ती तुझी आहे का?'

जरा वेळानं उत्तर आलं, तेही मराठीत. 'सॉरी. मला वाटलं पडलेलं उचलायचं असतं. मी आजच सुरू केलंय.'

'मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?'

'तुम्ही हाकलाल असं वाटलं.'

आता या माणसाला काय बोलणार? काठी त्यानं परत दिली. मी मात्र सोडलं नाही, जिन्यातच उभं करून शाळा घेतली त्याची. म्हटलं, आल्यावर नमस्कार करायचा. नवीन असलो तर नवीन म्हणायचं, लाजायचं नाही. वेळ किती आहे ते आधी सांगायचं. जे आपल्या कामाचं नाही त्याला हात लावायचा नाही, लावायचाच असेल तर विचारून. आणि काय वाट्टेल ते होवो, सांगितल्याशिवाय उठून जायचं नाही, कारण बाकीचे आपल्या भरवशावर उभे असतात. डॉन मध्येच 'चलो चलो' करत होता, त्यालाही म्हटलं, थांब जरा. जनू२ नं सगळं वाचून 'बरं' एवढंच लिहिलं.

आणि काय सांगू, त्यानंतर पोरगा की बाबा, जो कोण होता तो, सरळ चालला. माझ्या मागे मागे राहिला. उचलण्याआधी विचारायला लागला. प्रत्येक वेळी विचारायला लागला, हेही डोक्याला तापच, पण बरा ताप. आम्ही गच्चीवर पोचलो. सरड्याचं पहिलं तोंड गेलं, दुसरं गेलं. तिसरं, चौथंही गेलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

मी हलले नाही. सासूबाईंनी दार उघडलं. 'जय भीम आई!' मुकेशभाऊजींचा आवाज, आणि मागून माझी नणंद, उमाताई. उल्हासनगरहून आले होते. भाऊजी जीन्सच्या कारखान्यात आहेत, त्यांनाही शुक्रवारीच सुट्टी. फोन नाही, काही नाही. प्रतिभाला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणजे प्रतिभा रिकामीच असते, हा हिशेब आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे.

'जय भीम, जय भीम,' मी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हटलं. 'ताई, बसा हं, पाचच मिनिटं.'

'तुझं चालू दे गं,' उमाताई आतल्या खोलीत येत म्हणाल्या. 'आम्ही काय परके आहोत? खाली टेम्पो उभा केलाय, त्याला दोनला परत जायचंय. आधी जेवून घेऊ, मग बांधाबांध.'

पाचवं तोंड गेलं. 'कसली बांधाबांध?'

'अगं, कंप्युटरची.'

मी वळून बघितलं. त्यांच्या हातात जुनी चादर होती, स्क्रीन गुंडाळायला घरून आणलेली. म्हणजे पूर्ण तयारीनं आलेल्या.

'तुषारनं सांगितलं नाही का तुला?' उमाताई म्हणाल्या. 'आमच्या मुलीचा कंप्युटरचा क्लास सुरू झालाय ना. तुषार म्हणाला, घेऊन जा, आमच्याकडे नुसता पडून असतो.'

'मी महिन्याभरापूर्वीच हो म्हटलं होतं,' सासूबाई म्हणाल्या. 'इथे वापरतं कोण?'

मी त्या खुर्चीत बसले होते. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते. माझ्या देखत त्या विचारत होत्या, वापरतं कोण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण समोर सहावं तोंड आग ओकत होतं आणि डॉन मरायला टेकला होता. म्हटलं, आधी हा सरडा, मग ही माणसं.

आणि सगळं अंधारलं. म्हणजे लाइट गेली नव्हती. स्क्रीनवर 'कनेक्शन तुटले' अशी पाटी. मी खाली वाकून बघितलं तर मुकेशभाऊजी टेबलाखाली ओणवे, हातात मोडेमचा प्लग.

'वहिनी, कुठली वायर कुठे जाते ते बघून ठेवत होतो,' ते म्हणाले. 'हे लुकलुकतंय ते द्यायचं की नाही?'

काय बोलणार! ओरडले असते तर घरभर झालं असतं, की नणंदेचा नवरा घरी आला आणि ही अंगावर धावून गेली. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अगं, पानं घे ना. त्यांचा टेम्पो थांबलाय.'

मी पानं घेतली. पोळ्या गरम केल्या, भाजी वाढली, चटणी वाढली. डोळ्यांपुढे सारखं तेच येत होतं. चौघं गच्चीवर, आणि वैद्य गायब. ना बाय, ना सॉरी. दर शुक्रवारी मी ज्यांच्या नावानं बोटं मोडत आले, त्यांच्यातलीच झाले मी. आत्ता तिकडे माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असणार, आणि तो बरोबरच होता. मला रडू येईल असं वाटलं. एका गेमसाठी रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला. भाऊजींनी भाजी चांगली झाल्याचं सांगितलं. माझं पान कोणी मांडलं नव्हतं. ते कधीच कोणी मांडत नाही, आणि मी जेवले का, हेही पानं उचलल्यावरच विचारतात.

'प्रतिभा, तुझं काही असेल त्यातलं तर काढून घे गं,' उमाताई जेवता जेवता म्हणाल्या. 'आमची पोरगी उगाच काही पुसून टाकायची.'

मी आतल्या खोलीत कंप्युटरपाशी आले. म्हटलं, निदान त्या लोकांना सॉरी म्हणावं, जर कोणी भेटलंच तर. प्लग परत लावला. मोडेमचे दिवे एकेक करत लागले, किती वेळ लावला मेल्यांनी. गेम उघडला, तर मी बुरुजाच्या दाराशी उभी. सरड्याकडून सगळे मेले की गेम तिथेच आणून टाकतो. ग्रुपमध्ये डॉन नाही, रॉकी नाही, किलर नाही. जाताना त्यांनी जे लिहिलं होतं ते मी सांगणार नाही.

जनू२ उभा होता. दाराच्या कडेला, एकटा.

मी लिहिलं, 'तू अजून इथे?'

'हो.'

'का?'

त्यानं लिहायला वेळ लावला. अक्षरं शोधत शोधत लिहीत असणार. मग आलं, 'तुम्ही जातो म्हणून सांगितलं नव्हतं. मग मला वाटलं, तुम्ही येणार असाल.'

मी ते परत एकदा वाचलं. कुठला कोण, गाव माहीत नाही, तोंड माहीत नाही. त्याला मी गाढव म्हटलं होतं. आणि हा माझी वाट बघत उभा होता, कारण मी न सांगता जाणाऱ्यातली नाही असं त्याला वाटलं होतं. बाहेर माझ्या घरची माणसं भात कालवत होती.

मी लिहिलं, 'सॉरी. माझी वायर काढली. थांब, आलेच.' आणि बाहेर गेले.

'उमाताई,' मी म्हटलं, 'कंप्युटर नेता यायचा नाही.'

घास हातातच राहिला त्यांचा. 'म्हणजे?'

'मी वापरते.'

'तू काय, गेम खेळतेस त्याच्यावर,' सासूबाई म्हणाल्या.

'हो. गेम खेळते.' म्हटलं ते म्हटलं. 'माझ्या सुट्टीच्या दिवशी खेळते. मुलीला क्लाससाठी हवा तर तिला शनिवारी संध्याकाळी, मी कामावरून आले की, इकडे पाठवा, मी शिकवीन. पण मला विचारल्याशिवाय हो म्हणायचा हक्क तुम्हाला नव्हता आई, आणि तुषारलाही नव्हता. त्याला मी संध्याकाळी सांगते काय ते.'

मुकेशभाऊजी चादरीकडे बघत बसले. मग सासूबाईच म्हणाल्या, 'बरं, ते नंतर बोलू. आता ताक तरी आण.'

'ताक फ्रीजमध्ये आहे, भात कुकरमध्ये आहे,' मी म्हटलं. 'घ्या वाढून. मला तास तरी लागेल आणि मध्ये उठता येणार नाही. चार अनोळखी माणसं माझ्या भरवशावर असतात.'

आत येऊन मी दार लोटलं. जनू२ तिथेच होता. अजून तिघं मिळायला हवे होते, ते शोधायला लावले. पहिला आला तो थेट तलवार उपसून, ना हाय, ना हॅलो. मी काही लिहायच्या आधीच जनू२ नं त्याला लिहिलं, 'पहले नमस्ते बोलो. और बताओ, टाइम कितना है.'