तिसऱ्या मजल्यावरचा मुकादम

सुतारांची गल्ली पाडायला घेतली, तेव्हा दादाने हत्यारं पेटीत भरली, बोक्याला पिशवीत घातलं आणि दोन्ही घेऊन तो धाकट्या बहिणीच्या दारात उभा राहिला. लग्न त्याने केलंच नव्हतं. आयुष्यभर दुकानाच्या माळ्यावर झोपला. बहीण तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि घरीच शाळांचे गणवेश शिवायची.

"पेटी आत आण. त्याला खालीच सोड," ती म्हणाली.

"खाली उंदरांसाठी औषध टाकलंय, छोटी. दोन मांजरं मेली त्याने."

तिने दार पूर्ण उघडलं.

बोक्याला गल्लीत सगळे मुकादम म्हणत. सकाळी प्रत्येक दुकानात डोकावून यायचं आणि काम कुणाचंच करायचं नाही, हा त्याचा रिवाज. पिशवीतून सुटला तो सरळ कपाटामागे घुसला. हाक मारली की गुरगुरायचा. घरात सामसूम झाली की बाहेर येऊन दाराशी बसायचा आणि असा गळा काढायचा की शेजारीण विचारून गेली, घरात कुणी आजारी आहे का.

मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "त्याला ओढून काढू नका. त्याचं त्याला येऊ द्या." पण दादाच्या अंगी तेवढा धीर नव्हता. तो कपाटासमोर बसून राही, मधूनच हात आत घाली आणि ओरबाडे घेऊन परत येई. त्याच्या शी-शूसाठी बाजारातून आणून परातीत पसरलेल्या वाळूकडे मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही. तो गेला थेट इस्त्री करून ठेवलेल्या गणवेशांवर.

बहिणीने ते सगळे पुन्हा धुतले. दोरीवर टाकताना ती म्हणाली, "धरलं तर चावतंय, सोडलं तर मरतंय. काय करायचं रे याचं?"

दादा खाली मान घालून चिमटे पुढे करत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता मोडक्या गल्लीत गेली आणि ढिगाऱ्यातून पोतंभर लाकडाचा भुसा घेऊन आली. वाळू फेकून देऊन तिने परातीत भुसा पसरला. मुकादमाने वास घेतला, खूप वेळ उकरलं आणि तिथेच बसला. त्या दिवशी दादा पोटभर जेवला.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच एका दुपारी दूध उतू गेलं. धूर जावा म्हणून बहिणीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. तेवढ्यात दादाच्या हातून जड झाकण फरशीवर आपटलं. कोपऱ्यातून काहीतरी उडालं, ओट्यावरून गेलं आणि दिसेनासं झालं.

मुकादम बाहेरच्या छज्ज्यावर होता. छज्जा वीतभर रुंद, खाली उभ्या गाड्या. तो भिंतीला चिकटून बसला होता, शेपूट फुगलेली, तोंड उघडं.

दादा ओट्यावर चढला. एक पाय त्याने खिडकीबाहेर टाकला. बहिणीने मागून त्याचा पट्टा धरला.

"सोड."

"नाही सोडणार."

"तो पडेल, छोटी."

"तू पडशील. मग खाली जाऊन मी तुला गोळा करू की त्याला?"

"माझं म्हणावं असं आता तेवढंच उरलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिची मूठ ढिली झाली नाही. "आणि मी कोण तुझी?"

दादाचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग हळूहळू त्याने तो आत घेतला.

"आपण बघतोय तोवर तो हलायचा नाही," ती म्हणाली. तिने ओट्यावर माशांची ताटली ठेवली, भुशाची परात खिडकीखाली सरकवली आणि भावाला ओढत बाहेर नेऊन दार लोटलं.

दोघं दुसऱ्या खोलीत फरशीवर बसली. दादा उठायला गेला की ती मनगट दाबून धरी. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मग नखं घासल्यासारखा आवाज झाला. पुन्हा शांतता. आणि मग धप्पकन काहीतरी पडलं. त्याच क्षणी खालून कुणीतरी ओरडलं.

"तू बघ," दादा म्हणाला, "माझ्याच्याने होणार नाही."

तिने दार ढकललं. ताटली फरशीवर उपडी झाली होती. मासे नव्हते. गॅसच्या टाकीमागे मुकादम मिशा चाटत होता. तिने आधी खिडकी लावून घेतली. खाली कुणीतरी गाडी काढायला सांगत होतं. मग ती जागच्या जागी फरशीवर बसली.

"आहे," तिने हाक दिली. "आत आहे, दादा."

त्याच संध्याकाळी दादाने पेटी उघडली. खिडक्यांना जाळीच्या चौकटी बसल्या, आतून बसायला रुंद फळ्या लागल्या. मुकादम मात्र बरेच दिवस तिकडे फिरकला नाही. दाराशी रडणं कमी झालं, थांबलं नाही.

एका सकाळी बहीण मशीनवर बसली असताना तिच्या पावलावर उबदार वजन येऊन पडलं. तिने वाकून पाहिलं आणि पाय होता तसाच ठेवला. सुई अर्ध्या टाक्यात थांबली.

"मशीन का बंद पडलं?" दादाने आतून विचारलं. "बघू का येऊन?"

"नको, येऊ नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय अडकलाय."